एकाच गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. या अटींमुळे चांगले चालते लॅपटॉप कागदोपत्री म्हातारे झाले. माझाही त्यात होता. मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम चढवली.

यात लोकांना वाटतं तेवढं दिव्य काही नाही. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर लिहायची आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. हार्डडिस्कला धक्का न लावता सगळं पेनड्राइव्हवरूनच चालतं. तेवढ्यात वायफाय, आवाज, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे पाहून घ्यावं. पटलं तरच इन्स्टॉल करावं. सेटिंगमध्ये जाऊन मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडला की लिहायला बसता येतं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या.

माझा प्रश्न वेगळाच होता. युनिकोड सर्रास होण्याआधीचे माझे लेख कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. कृतिदेवमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नसतेच, असतात ती इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचे आकार देतो. 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी आणि एच असा साठवलेला असतो. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो नुसता गोंधळ. शोध लागत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही.

तयार कन्व्हर्टर मिळतात, पण त्यात बरेचदा एकेक पान चिकटवत बसावं लागतं. त्यांचा कळ-अक्षरांचा तक्ता हिंदीसाठी बनवलेला असेल तर 'दुसऱ्या'मधल्या ऱ्याची पंचाईत होते, कारण हिंदीला त्याची गरजच पडत नाही. म्हटलं, आपणच करू. मिंटमध्ये पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आधीपासून असतेच. मजकुराची साधी फाइल उघडायची, चार ओळी लिहायच्या, टर्मिनलमध्ये चालवून पाहायच्या. विकत घ्यायचं काही नाही, परवानगी कुणाची लागत नाही.

पहिली पायरी फाइल उघडण्याची. लिबर ऑफिस एका कमांडमध्ये फोल्डरभर जुन्या डॉक फाइली ओडीटीमध्ये बदलून देतं. ओडीटी ही मुळात झिप फाइल. ती सोडवली की आत 'कंटेंट डॉट एक्सएमएल' नावाची फाइल सापडते. कुठला तुकडा कृतिदेवमधला आणि कुठला टाइम्स न्यू रोमनमधला, हे तिच्यातल्या शैलींवरून काढता येतं. ही नोंद मोलाची. ती नसेल तर लेखातलं इंग्रजी नाव किंवा पत्ता यांचंही प्रोग्राम इमानेइतबारे देवनागरीत रूपांतर करून ठेवतो.

मग तक्ता. डी म्हणजे क, जे म्हणजे र, के म्हणजे काना. इथवर सरळ. पण 'कथा' हा शब्द डी, मोठा एफ, के, के असा साठवलेला असतो. मोठा एफ म्हणजे अर्धा थ्. त्यापुढचा पहिला के हा काना नव्हेच, तो थ पुरा करणारा दंड. दुसरा के हा खरा काना. म्हणून आधी लांब जोड्या बदलायच्या आणि सुटी अक्षरं नंतर. क्रम उलटा झाला तर 'थ'ची सगळी अक्षरं अर्धवट राहून पुढे काने चिकटतात.

यापेक्षा किचकट म्हणजे पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप होतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी आधी दिसते, तिला व्यंजनामागे न्यावं लागतं. रफार नंतर टाइप होतो, त्याला पुढे आणावं लागतं. 'वार्षिक' या एका शब्दात दोन्ही आहेत: व, काना, वेलांटी, ष, रफार, क. वेलांटीने ष ओलांडायचा आणि रफाराने ष-च्या आधी यायचं. एकच अक्षर ओलांडण्याचा नियम 'धर्म'ला पुरतो, 'सामर्थ्य'ला नाही; तिथे रफाराला अख्खा थ्य ओलांडावा लागतो. तसंच 'स्थिती'त वेलांटीने स् आणि थ दोन्ही पार करायचे. मध्येच थांबली तर पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं आणि वेलांटी त्याला लटकून राहते. चूक कुठे आहे हे ते वर्तुळच सांगतं.

एक नियम सुधारला की दुसरा बिघडतो. त्यावर उपाय म्हणून अवघड शब्दांची यादी एका फाइलीत ठेवायची: वार्षिक, सामर्थ्य, स्थिती, आर्द्रता, दुसऱ्या. समोर त्यांची बरोबर रूपं. नियमाला हात लावला की आधी ही यादी चालवायची. काही चुका मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. ऱ्या युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ-ने, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. म्हणून एकच रीत ठरवून सगळीकडे तीच लावायची.

या प्रोग्रामला ना बटण, ना आयकॉन. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही, आणि विचारावं असं काही त्यात नाहीही. कंपनीला हजारोंची गरज शोधावी लागते. इथे एका माणसाची अडचण पुरेशी असते. शिवाय इतरांनी मुक्त परवान्याखाली ठेवलेले तक्ते उघडून वाचता येतात, त्यातलं चांगलं उचलता येतं. मुक्त सॉफ्टवेअरचा फायदा म्हणून लोक वाचलेले पैसे मोजतात. मला मोठा वाटला तो हा वाचण्याचा हक्क.

तक्ता मी प्रोग्रामच्या आत ठेवलेला नाही. तो दोन रकान्यांची साधी फाइल आहे: डावीकडे कळ, उजवीकडे अक्षर. ओळखीच्या एका डीटीपी ऑपरेटरांनी तो वाचला. प्रोग्रामिंगशी त्यांचा संबंध नाही, पण कृतिदेवच्या रेमिंग्टन टाइपरायटर-मांडणीच्या कळा बोटांत बसलेल्या. मला न सापडलेली जोडाक्षरं त्यांनी टेबलावर बोटं चालवत एकामागून एक सांगितली आणि मी ती रकान्यात भरत गेलो. पुढे दुसऱ्या फॉन्टमधली फाइल आली तर नियम बहुतेक तेच राहतील, तक्ता नवा लागेल. आणि तो भरायला प्रोग्रामर नव्हे, असाच एखादा टायपिस्ट लागेल.