काचपेटीचा सांडवा

धरणाला सांडवा असतो हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पाणी नेमल्या पातळीच्या वर चढू लागले, की ते भिंतीवरून न उसळता ठरवून दिलेल्या वाटेने उतरून जाते. मासे पाळण्याच्या घरगुती काचपेटीलाही असा सांडवा लावतात. आणि ज्यांनी पेटीखालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवून तेथे पाणी गाळण्याची व्यवस्था केली आहे, त्यांना त्यावाचून गत्यंतर नसते. खालचा पंप पाणी वर चढवितो. वरचे पाणी मात्र आपल्या वजनानेच खाली आले पाहिजे, आणि जितके चढले तितकेच आले पाहिजे.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पेटीतील पाण्यावर अन्नाच्या स्निग्धांशाचा एक पातळ तवंग जमतो व तो हवा पाण्यात मिसळण्याच्या आड येतो. सांडवा नेमका हा वरचा थर खरवडून नेतो. शिवाय बाष्पीभवनाने पाणी कितीही घटले, तरी वरच्या पेटीची पातळी हलत नाही. घट दिसते ती खालच्या टाकीत.

सर्वांत निर्धोक सांडवा म्हणजे काचेच्या मागील भिंतीला भोक पाडून बसविलेला. साध्या काचेला हिऱ्याच्या कणांच्या गोल करवतीने, पाण्याची धार सोडीत, भोक पाडता येते. टणक केलेल्या काचेला मात्र करवत लागताच तिचा चुरा होतो. म्हणून काच कोणत्या जातीची, हे विकणाऱ्याकडून आधी पक्के करून घ्यावे. नवी पेटी करवून घेणाऱ्याने भोकाचाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु पेटी भरलेली आहे, मासे रुळले आहेत आणि काचेला हात लावणे शक्य नाही, अशांसाठी काठावर टांगायची वक्रनळीची पेटी असते. आज तिच्याविषयीच बोलावयाचे आहे.

वक्रनळी म्हणजे सायफन. जुन्या घरांतून वसुदेवाचा पेला असे. त्यात पाणी ओतीत गेले आणि ते बाळकृष्णाच्या पायाला लागले, की सगळा पेला आपोआप रिता होई. ती करामत पेल्यात दडलेल्या वक्रनळीची. नळी एकदा पाण्याने भरली, की तिचे आतले टोक उघडे पडेपर्यंत ती थांबत नाही. नुसती वक्रनळी काचपेटीत सोडली, तर पेटीचीही वसुदेवाच्या पेल्यासारखीच गत होईल. म्हणून तिचे एक टोक पेटीच्या आत टांगलेल्या लहान डब्यात ठेवतात आणि दुसरे बाहेर टांगलेल्या डब्यात. आतल्या डब्याचा काठ हाच सांडव्याचा उंबरठा होय. त्यावरून जेवढे पाणी आत पडेल, तेवढेच वक्रनळी बाहेर नेईल.

बाहेरच्या डब्याच्या तळातून पाणी खाली जाते. पण तेथे नुसते भोक ठेवून चालत नाही, एक उभी नळी बसवावी लागते. साऱ्या रचनेचे मर्म या उभ्या नळीच्या उंचीत आहे. तिचे तोंड उंबरठ्याहून सात-आठ सेंटिमीटर खाली असावे, आणि वक्रनळीची दोन्ही टोके त्या तोंडाहूनही चार-पाच सेंटिमीटर खाली बुडालेली असावीत. वीज गेली, पंप थांबला, की दोन्ही डब्यांतील पाणी उभ्या नळीच्या तोंडाशी येऊन समपातळीत उभे राहते. वक्रनळीची टोके बुडालेलीच राहतात, ती भरलेलीच राहते, आणि वीज परत येताच काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू होते. विकत आणलेल्या डब्यात ही उंची कमी आढळली, तर नळीचा वरचा तुकडा बदलून ती वाढविता येते; एवढीच दुरुस्ती पुष्कळदा पुरते.

वक्रनळी जाड असली की बरी, असे अनेकांना वाटते. हे खरे नाही. बुडबुडा पाण्यात सेकंदाला सुमारे २०-२५ सेंटिमीटर वेगाने वर चढतो. ताशी १००० लिटर पाणी २५ मिलिमीटर पोकळीच्या नळीतून सेकंदाला सुमारे ५७ सेंटिमीटर वेगाने धावते व बुडबुड्यांना फरफटत खाली नेते. तेच पाणी ४० मिलिमीटरच्या नळीतून जेमतेम २२ सेंटिमीटर वेगाने जाते. मग बुडबुडे माथ्याशी साठत जातात आणि एके दिवशी धार तुटते. तेव्हा बेताची नळी घ्यावी, आणि एकाऐवजी दोन मार्ग हवे असतील तर दुसरी नळी दुसऱ्या स्वतंत्र डब्यात द्यावी. माथ्यावर बारीक हवानळी व तोटी बसविली, तर प्रारंभी हवा ओढून घेण्यास ती उपयोगी पडते.

उंबरठ्याला कंगव्यासारखे दाते पाडतात, ते लहान मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. वीस सेंटिमीटर लांबीच्या काठाची निम्मी लांबी दात्यांत गेली, तर वरील प्रवाहाला खाचांच्या तळापासून सुमारे १३ मिलिमीटर पाणी चढावे लागते. खाचा २५ मिलिमीटर खोल ठेवाव्यात, म्हणजे एखादे पान अडकले तरी वाट उरते.

आता हिशेब. पेटी ९० सेंटिमीटर लांब व ३० रुंद असेल, तर तिच्यातील एक सेंटिमीटर पाणी म्हणजे २.७ लिटर. पंप थांबताच खाचांपुरते साडेतीन लिटर खाली उतरते; डबे व नळ्या यांतील आणखी दोनेक लिटर धरा. परंतु पंपाच्या नळीचे वरचे तोंड पाण्यात पाच सेंटिमीटर बुडालेले असेल, तर तीच उलटी वक्रनळी बनते आणि साडेतेरा लिटर पाणी खाली ओढते. उपाय सोपा आहे. त्या नळीला पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडावे. पातळी भोकाशी येताच हवा शिरते व ओढ तुटते. एकमार्गी झडपेवर विसंबू नये, तिच्यात कचरा अडकतो. भोकही शेवाळाने बुजते, ते अधूनमधून सुईने मोकळे करावे. एवढे करूनही खालच्या टाकीत दहा लिटरांची जागा रिकामी ठेवावी.

दुसरे संकट याच्या उलट आहे. वीज आली, पंप चालू झाला, आणि वक्रनळी मात्र तुटलेली! आता पाणी चढतच राहणार. त्याला रोखणारी गोष्ट एकच : पंपाच्या कप्प्यात पाणीच थोडे असणे. कप्पा ३० सेंटिमीटर लांब व २० रुंद असेल आणि पंपाला ओढता येईल असे पाणी दहा सेंटिमीटर उंचीचे असेल, तर ते सहा लिटर होते. वरच्या पेटीत त्याने पातळी सव्वादोन सेंटिमीटर चढेल. चालू स्थितीतील पातळी व पेटीचा काठ यांत तीन सेंटिमीटरांहून अधिक अंतर ठेवले असेल, तर जमिनीवर थेंबही पडणार नाही. पंप कोरडा पडेल हे खरे; तो वाचवायचा तर त्याला पातळी ओळखून बंद होणारे तरंगते बटण जोडावे. पाणी तापविणारी काचनळी मात्र या कप्प्यात कधीही ठेवू नये, ती उघडी पडून तडकते.

डबे काचेचे असल्यास पाच मिलिमीटरची काच व सिलिकोन वापरावे. पण बुरशीनाशक मिसळलेले सिलिकोन माशांना घातक असते, म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचूनच ते घ्यावे, व जोड दोन-तीन दिवस वाळू द्यावेत. उभ्या नळीची गुरगुर झोप मोडीत असेल, तर तिच्या माथ्यावर खाली तोंड करणारा बाक बसवून त्याच्या वरच्या अंगास हवेसाठी बारीक भोक पाडावे.

सर्व जुळणी झाल्यावर मासे सोडण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. पंपाचे बटण दहा वेळा बंद करावे, दर वेळी काही मिनिटे थांबून पुन्हा चालू करावे, आणि वक्रनळी दर वेळी आपोआप वाहू लागते का ते पाहावे. नंतर हवानळीची तोटी उघडून वक्रनळी मुद्दाम तोडावी व पंप तसाच चालू ठेवून पाणी काठाच्या किती खाली थांबते ते मोजावे. हे दिवसाउजेडी, हाताशी पोतेरे घेऊन करावे. बेळगाव-गोव्याकडे पावसाळ्यात वीज मध्यरात्री जाते-येते, तेव्हा ही मोजदाद करायला घरात कोणी जागे नसते.