पात्रवर्गांचा समतोल म्हणजे काय?

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळांत प्रत्येक खेळाडू बहुधा एक पात्र चालवतो. त्या पात्राचा वर्ग (त्याला काय जमते आणि काय नाही, हे ठरवणारा नियमांचा संच) रचताना सगळे वर्ग लढाईत सारखेच बलवान हवेत, असे अनेकांना वाटते. समतोलाचा अर्थ तो नाही. कबड्डीत चढाईपटू गुण आणतो, कोपरारक्षक पकड करतो. कामे वेगळी असली तरी संघाला दोघेही लागतात.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हा वर्ग तीनच होते: योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक. यातल्या जादूगाराची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. त्याला चिलखत वर्ज्य, शस्त्र फक्त खंजीर आणि पहिल्या पातळीवर (अनुभवाने चढायची पायरी) एकच मंत्र. बराच अनुभव गाठीशी आला की मात्र त्याचा अग्निगोळा एका फटक्यात शत्रूंचा जथा जाळू शके. तोवर त्याला जपायचे काम योद्ध्याचे. मला तर हे परस्परावलंबनच समतोलाचे खरे रूप वाटते. म्हणून नवा वर्ग रचताना तो किती इजा करतो हे मोजण्याआधी, कोणत्या प्रसंगी बाकीचे त्याच्याकडे वळतील, हे ठरवावे.

उदाहरणार्थ, याच खेळाच्या 1975च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आलेला चोर हा वर्ग लढाईत योद्ध्याच्या तोडीचा नव्हता. कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे आणि दबकून पुढे जाणे, ही त्याची कामे.