आधी ब्रेक, मग वेग!

दोस्तांनो, 'मसल कार' म्हणजे काय, ठाऊक आहे? मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवलं, की झाली मसल कार! अमेरिकेतली १९६४ मॉडेलची पॉन्टियाक जीटीओ घ्या. इंजिन ६.४ लिटरचं, ताकद ३२५ अश्वशक्ती!

तिकडे आईबाबा आणि मुलं मिळून अशा जुन्या गाड्या घरीच नव्यासारख्या करतात. मुलांना घाई असते रंगाची, इंजिनाची. पण जाणते पालक आधी चाकं उतरवतात. का बरं?

त्या जीटीओला चारही ड्रम ब्रेक होते. ड्रम बंदिस्त. पुन्हा पुन्हा ब्रेक दाबले, की तो तापतो आणि पकड ढिली पडते. शिवाय चारही चाकांना ब्रेक ऑइलचा मार्ग एकच. एका जागी गळती झाली, की सगळेच ब्रेक निकामी!

म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावतात. डिस्क उघडी असते, वाऱ्यानं लवकर थंड होते. पुढच्या-मागच्या ब्रेकचे ऑइलचे मार्गही वेगळे करतात. एक बिघडला, तरी दुसरा गाडी थांबवतो. काढलेले जुने भाग मात्र जपून ठेवायचे, बरं का! गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची, तर तेच लागतात.

आणि तुमची सायकल? ब्रेकचं रबर झिजलंय का, तार सैल आहे का, आजच बाबांबरोबर बघा पाहू!