सेल कुणाचा?

गाडी आमच्या नगरची, पण तिच्या पोटातली बॅटरी? अण्णांच्या एका प्रश्नामुळे माझी अख्खी रविवारची सुट्टी चीनमध्ये गेली... घरबसल्या!

परवा शनिवारी नेहमीसारखी वाकडेवाडीहून नगरची एसटी पकडली. घरी पोचते तर अण्णा जाहिरात पुढ्यात घेऊन बसलेले. "इलेक्ट्रिक घ्यायचीय. बाजारात जायला-यायला बरी." मी एकदम खूश! मोबाइल काढला आणि रेंज, चार्जिंग, ईएमआय धडाधड वाचून दाखवलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक. यातला सेल कुणाचा?"

झाली ना पंचाईत!

लुनाचं गाव

कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, तरी कंडक्टरकडे आपण अजून 'एक नगर'च मागतो. या गावाला दुचाकीचं वेड जुनं. १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली आणि गाव तिच्यामुळे ओळखलं जाऊ लागलं. २०२४ च्या फेब्रुवारीत ई-लुना आली, २०२५ च्या जुलैत जुनी डीएक्ससुद्धा विजेवर परतली.

मग दुःख कशाचं? ते काकांना विचारा. एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. इंजिनाचे बारीकसारीक पार्ट करण्यात हयात गेली. विजेच्या गाडीत ना पिस्टन, ना कार्ब्युरेटर. तिच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा. सुटे सेल जोडून बॅटरीचा पॅक भारतात ठिकठिकाणी तयार होतो, पण सेल मात्र बहुतांश बाहेरून येतात, आणि त्यातले बरेचसे चीनमधून.

वीस माणसं आणि उसने पैसे

रविवारी चहाबरोबर मी बीवायडीची गोष्ट सांगायला घेतली. पुणेकरांनो, तुम्हीही तिला भेटला आहात! २०१९ पासून पीएमपीच्या ताफ्यात आलेल्या ऑलेक्ट्राच्या विजेवरच्या बस आठवतात? त्यांचं तंत्रज्ञान याच कंपनीचं.

वांग चुआनफू हा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. आईवडील लहानपणीच गेले. रसायनशास्त्र शिकला, सरकारी संशोधन संस्थेत नोकरी धरली. १९९५ मध्ये ती सोडली, नात्यातल्या भावाकडून पैसे घेतले आणि शेनझेनमध्ये वीसेक माणसांनिशी मोबाइलच्या बॅटऱ्या करायला लागला. जपानी ऑटोमॅटिक मशिनं परवडेनात. मग त्यानं काय केलं? एकेका मशिनचं काम छोट्या छोट्या टप्प्यांत तोडलं आणि साधे जिग-फिक्श्चर बनवून ते माणसांच्या हातात दिलं.

इथे काकांनी कप खाली ठेवला. "जिग-फिक्श्चर? अरे, मग आपण काय वेगळं करत होतो?"

खरंय! पण पुढची गोष्ट वेगळी. मोटोरोला, नोकियासारखी गिऱ्हाइकं मिळाली. २००३ मध्ये वांगनं चक्क एक कार कंपनी विकत घेतली. २००८ मध्ये वॉरन बफे यांच्या कंपनीनं २३ कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं. २०२० मध्ये 'ब्लेड' बॅटरी आली आणि २०२५ मध्ये फक्त विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या वर्षभराच्या विक्रीत बीवायडीनं टेस्लाला मागे टाकलं. सेलमध्ये तिच्याही पुढे आहे निंगदे शहरातली सीएटीएल. २०११ ची ही कंपनी आज जगात पहिली.

"नुसत्या हुशारीवर?" अण्णांची शंका. नाही. चिनी सरकारनं वर्षानुवर्षं सबसिडी दिली, कच्चा माल शुद्ध करण्यापासून सगळी साखळी देशातच उभी राहिली. आपल्याकडे सेलसाठी १८,१०० कोटींची योजना मंजूर झाली ती २०२१ मध्ये. उशीर झाला, आणि त्याची किंमतही मोजावी लागतेय. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीननं मोटरच्या चुंबकांवर निर्बंध आणले तेव्हा आपल्या दुचाकी कंपन्यांची धावपळ उडाली. जुलैत बॅटरीचं काही तंत्रज्ञान बाहेर द्यायलाही परवानगी सक्तीची केली.

काका बराच वेळ गप्प होते. मग चुलतभावाला म्हणाले, "सेल आपल्याच्यानं होणार नाही. पण त्या पॅकची पेटी, ब्रॅकेट? त्याला कुणीतरी लागणारच ना? उद्या ड्रॉइंग मागव." गेली दोन वर्षं वर्कशॉप विकायच्या गोष्टी चालल्या होत्या घरात. त्या दिवशी तो विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी आम्ही शोरूममध्ये. सेल्समननं हसून विचारलं, "काका, रंग कोणता?"

अण्णा म्हणाले, "रंगाचं बघू नंतर. आधी सांगा, सेल कुणाचा?"

शोरूममध्ये हे विचाराच!

• सेल एलएफपी आहे की एनएमसी? एलएफपी वजनाला जड, पण तापण्याच्या बाबतीत जास्त सुरक्षित आणि टिकाऊ.
• वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर?
• नवी बॅटरी आज घ्यायची तर किती पैसे?
• ती दुरुस्त तुमच्याच गावात होते का?