उसाच्या ट्रकला कायमची जंपर जोडणी

पुनावळ्याजवळ महामार्गावर उसाने भरलेला ट्रक बॅटरी उतरून उभा राहिला, की तोटा एकट्या गाडीवाल्याचा नसतो. तोडलेला ऊस रखडला की वजन घटते, उताराही पडतो. आणि भरलेली गाडी काही माणसांना ढकलवत नाही.

उपाय साधा आहे. बॅटरीपासून बंपरपर्यंत तांब्याची जाड केबल कायमची ओढून टोकाला उलटा न बसणारा प्लग लावावा. दोन्ही टोकांना तसेच प्लग असलेली सुटी केबल केबिनमध्ये ठेवावी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. या जोडणीत ठिणगी पडलीच तर ती बॅटरीपासून दूर पडते.

धन केबलवर बॅटरीलगतच फ्यूज हवा. चेसिसला घासून आवरण फाटले अन् फ्यूज नसला, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. भोकातून केबल नेताना रबर घालावे, प्लगला टोपण ठेवावे.

मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात, ट्रॅक्टर बहुधा १२ चा. ही जोडी कधीही जुळवू नये. दोहोंचे प्लग एकमेकांत न बसणारेच घ्यावेत.

बॅटरी वारंवार उतरत असेल तर मात्र आधी अल्टरनेटर तपासून घ्यावा.