गावरान कोंबडी नुसती पाहून ओळखता येते का?

तुमसर तालुक्यातलं नाकाडोंगरी मध्य प्रदेशच्या सीमेलगत आहे. या धानपट्ट्यात परसातली कोंबडी म्हणजे घरचा अडीनडीचा पैसा. तरीही तिच्याबद्दलचे आपले बरेच समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : रंगीत पिसं आणि तपकिरी अंडं, म्हणजे अस्सल गावरान.
बंगळुरूत विकसित झालेली गिरिराज आणि हैदराबादची वनराज या सुधारित जातीही रंगीत पिसांच्या असतात आणि तपकिरी अंडी देतात. त्यांचा कोंबडा गावठी तलंगांत मिसळला की पुढची पिल्लं नुसत्या नजरेनं वेगळी काढता येत नाहीत. तिथे जनुकीय खुणा कामाला येतात. डीएनएत काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा तुकडा लागोपाठ येतो. एखाद्या कोंबडीत दहा वेळा, दुसरीत पंधरा वेळा. प्रत्येक पिल्लाला त्यातली एक प्रत आईची, एक बापाची मिळते. अशा 30 जागा कोंबड्यांच्या अभ्यासासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने सुचवल्या आहेत. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असतं, म्हणून रक्ताचा थेंबही पुरतो. मात्र या खुणा नातं आणि विविधता दाखवतात. कोंबडी अंडी किती घालेल, हे त्या सांगत नाहीत.

गैरसमज : काळं मांस म्हणजे शुद्ध कडकनाथ.
हा काळेपणा 20व्या गुणसूत्रावरच्या एका दुहेरी झालेल्या तुकड्यातून येतो आणि तो प्रभावी गुण आहे. त्यामुळे संकरित पिल्लंही काळी निघू शकतात.

गैरसमज : आपली कोंबडी शेजारच्या जंगलातूनच आली.
मध्य भारतात लाल आणि राखाडी रानकोंबड्यांचे टापू एकमेकांना भिडतात, म्हणून हे खरं वाटतं. पण 2020 साली 863 जनुकसंचांच्या अभ्यासात पाळीव कोंबडीचं मूळ आग्नेय आशिया आणि नैर्ऋत्य चीनकडच्या लाल रानकोंबडीच्या एका उपजातीत सापडलं. इथल्या रानकोंबड्यांचं रक्त पुढे मिसळत गेलं. पिवळ्या पायांचं जनुक तर राखाडी रानकोंबडीकडून आलं, हे 2008 मध्ये दिसून आलं. म्हणजे अंगणातल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत दोन रानजातींचा वारसा आहे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गैरसमज : जनुकीय तपासणी म्हणजे बीटी कपाशीसारखा बदल.
अजिबात नाही. इथे जनुकं फक्त वाचली जातात, पक्ष्यात काहीही घातलं जात नाही.

गैरसमज : गावरान कोंबडीला रोग होत नाही.
मानमोडी, म्हणजे राणीखेत, तिलाही होतो आणि अख्खं खुराडं रिकामं करतो. पिल्लांना लस द्यायलाच हवी. शिवाय एकच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला की तो आपल्याच लेकींवर चढतो, नात्यातली वीण वाढते आणि कळप कमजोर होतो. तेव्हा कोंबडा दुसऱ्या गावातून अदलाबदलीनं आणा, आल्यावर दोन आठवडे वेगळा ठेवा, आणि चांगल्या गावठी कोंबड्याला सगळ्यांत आधी बाजार दाखवू नका.