रात्रपाळीची मजुरी आणि संगणक

चित्रपटाच्या चित्रीकरणस्थळी लाइटमन सायंकाळी सहाला कामास लागतो आणि पहाटे चारला दिवे उतरवितो. त्याच्या मजुरीचा हिशेब संगणकाकडे सोपवावयाचा, तर आज्ञावलीत प्रथम कामाचे तास काढावे लागतात. रीत सोपी दिसते: समाप्तीच्या वेळेतून आरंभाची वेळ वजा करणे. परंतु चोवीस तासांच्या घड्याळात ४ मधून १८ वजा केले की उत्तर येते उणे १४! कारकून अशा उत्तरावर हसेल; यंत्र मात्र निमूटपणे तितकी मजुरी कापील. म्हणून उत्तर शून्याहून कमी आल्यास त्यात २४ मिळवावेत, अशी आज्ञा द्यावी लागते. मग १० तास मिळतात.

आता आठ तासांची मूळ मजुरी १,२०० रुपये आणि जादा तासांस दुप्पट दर ठरला आहे, असे समजू. साधा दर ताशी १५० रुपये, दोन जादा तासांचे ६००, एकूण १,८००. भविष्यनिर्वाह निधीची कपात जादा कामाच्या मोबदल्यावर होत नाही. यास्तव ती केवळ १,२०० या रकमेवर, बेरजेच्या आधीच काढावयाची. बारा टक्क्यांनी ती १४४ रुपये होते आणि लाइटमनच्या हाती १,६५६ रुपये पडतात. क्रम उलटला, तर २१६ रुपये कापले जातील, आणि पगारपत्रकावरील बेरीज-वजाबाकी तरीही बिनचूक दिसेल.